इंजिनाच्या आकड्यांची वही

मशीन पुण्याहून आलं ते गवतात गुंडाळून, लाकडी खोक्यात. एका मोठ्या गॅरेजनं नवीन घेतलं म्हणून हे जुनं काढलं होतं. छातीएवढ्या उंचीचं, चाकांवर उभं, पुढं काळी काच आणि त्या काचेत लाल आकडे उमटायचे. बाजूला चार-पाच जाड वायरी, टोकाला चिमटे. शिरोलीच्या रस्त्यावर आमच्या गॅरेजपुढं थांबलेला एक ट्रकवाला आत डोकावून म्हणाला, "आप्पा, गाड्यास्नी टीव्ही दावणार व्हय आता?"

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी असलं मशीन एका प्रदर्शनात पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यातून ते गेलं नव्हतं. चिमटे इंजिनाला लावायचे, गाडी चालू करायची, की इंजिनाचं काय दुखतंय ते आकड्यांत कळतं. कोल्हापुरात तेव्हा असं दुसरं कुणाकडं नव्हतं, निदान आप्पा तसं सांगायचे. पण त्याच्याबरोबर आलेलं जाड पुस्तक इंग्रजीत होतं. म्हणून मला राजारामपुरीतल्या घरातून बोलावून घेतलं.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मी बोलत नाही, हीच घरात माझी ओळख होती. कॉन्व्हेंटच्या शाळेत मराठी बोललं तर शिक्षा व्हायची आणि घरी इंग्रजी शब्द तोंडातून गेला की भावंडं हसायची, त्यामुळं दोन्हीकडं गप्प राहायची सवय लागली ती लागलीच. गॅरेजात दहा माणसांसमोर पुस्तक उघडून मी उभी राहिले आणि आवाज फुटेना.

"एवढी वर्षं नन्सपाशी काढलीस," आप्पा म्हणाले, "नुसतं गुड मॉर्निंगच शिकलीस काय? वाच की!"

मी वाचलं. तांबडा चिमटा कुठं, काळा कुठं, ते सांगितलं. पहिली गाडी एका डॉक्टरांची होती. इंजिन चालू झालं आणि काचेत आकडा आला. सगळे पुढं सरकले.

"आता हा बरोबर हाय का चूक?" आप्पांनी विचारलं.

मी पुस्तकामागचे तक्ते चाळले. कुठल्या गाडीला किती आकडा असावा ते तिथं होतं, पण गाड्या सगळ्या परदेशी. आमच्या रस्त्यावर धावणारी एकही गाडी त्यात नव्हती. मशीन आकडा सांगत होतं, पण आमच्या गाडीचा तो किती असायला हवा, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि आम्हालाही नव्हतं. मी हे हळूच सांगितलं. एका गाडीच्या बॉनेटखालून हसण्याचा आवाज आला. ते मिस्त्रीकाका होते.

मिस्त्रीकाका आप्पांच्याही आधीपासून गॅरेजात होते. इंजिन लावणं, म्हणजे ट्यूनिंग, हे फक्त त्यांचं काम. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानाच्या हाडाला. डोळे मिटायचे. मग दुसऱ्या हातानं कुठला तरी स्क्रू केसभर फिरवायचे आणि खरखरणारी गाडी एकदम शांत व्हायची. पन्हाळ्याचा चढ न चढणाऱ्या जीपा त्यांच्या हातून जाऊन चढायला लागायच्या. पण ते कुणाला शिकवत नसत. पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या पट्ट्यांमधली फट, लावायची वेळ आली की जवळच्या माणसांना चहाला पिटाळायचे, नाहीतर पाठ करून उभे राहायचे. "इद्या दिली की पोट गेलं," असं ते उघड म्हणत. त्याचं कुणाला वाईटही वाटत नसे. त्या रस्त्यावरचे सगळेच जुने मिस्त्री तसे होते.

त्या दिवशी घरी जेवताना आप्पा मला म्हणाले, "मिस्त्री गाडी लावतो ती बरोबरच लागती. मग असं कर. त्यानं लावली की तू मशीन लाव आणि आकडा लिहून ठेव. आपल्या गाड्यांचा तक्ता आपणच करू."

मी मान हलवली.

"आणि हे झालं की मशीन तुझं. तूच बसायचंस त्याच्यापाशी. गिऱ्हाइकाशी बोलायचं ते माझं मी बघतो."

हे शेवटचं वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवलं. ज्यात कुणाशी बोलावं लागत नाही, फक्त बघायचं आणि नीट लिहायचं, असं काम जगात असतं आणि ते मला मिळणार होतं. मी त्यांना पुन्हा एकदा विचारलंही, "खरंच ना?"

"शब्द दिला की," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेज सुटलं की घरी जेवून बसनं गॅरेजला जायला लागले. मला वाटलं होतं, मिस्त्रीकाका मलाही चहाला पिटाळतील. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, हातातल्या वहीकडं पाहिलं.

"लिवनार व्हय?"

"हो."

"लिव्ह. तुला सांगाय काय हरकत न्हाय. तू काय, उद्या सासरी जाणार. वहीबी तुझ्यासंगं जाणार. सासरा मास्तर असला, गॅरेजवाला नसला म्हंजे झालं!"

सगळे हसले. मीही हसले. मुलगी आहे म्हणून मला काही मिळतंय, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं आणि ते मला सोडायचं नव्हतं.

आठ-नऊ महिने हे चाललं. ते गाडी लावायचे, मी आकडा घ्यायचे. आधी फक्त आकडाच लिहीत होते. हळूहळू ते बोलायला लागले आणि मी तेही लिहायला लागले. चार प्लगच्या वायरी एकेक करून कशा काढायच्या आणि कुठली काढल्यावर इंजिन कसं दचकतं. पावसाळ्यात वायर ओली होऊन गाडी मिसिंग करते, म्हणजे ठोका चुकवते, त्याचा आवाज कसा आणि पेट्रोलमधल्या पाण्यामुळं करते त्याचा कसा. ते त्यांच्या शब्दांत सांगायचे: हे खोकतंय, हे दात खातंय, ह्याला धाप लागलीय. मी आकड्यापुढं तसंच्या तसं लिहायचे.

एकदा एक जुनी टॅक्सी आली. काचेतला आकडा अगदी बरोबर होता, तशा गाड्यांचा यायचा तोच.

"काय म्हंतोय तुझा टीव्ही?"

"ठीक आहे म्हणतोय."

"खोटं बोलतोय त्यो. हिकडं ये."

त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला. मूठ कानामागं टेकवली आणि आधी नुसता धडधडाट ऐकू आला. मग त्या धडधडाटाच्या खाली, ठेक्यात, एक बारीकशी लंगड. प्लगांना ठिणगी वाटणारा आतला दांडा झिजला होता. मशीन सगळ्या ठोक्यांची सरासरी काढून एकच आकडा दाखवत होतं, त्यामुळं लंगड त्यात बुडून जात होती.

"लंगडतंय," मी म्हणाले.

मिस्त्रीकाकांनी टोपी मागं सारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "अरं, पोरीला कान हाय रं!" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पर काय उपेग? जाणार तू."

मी त्या दिवशी बसमध्ये उभी राहून घरी गेले आणि माझा स्टॉप मागं गेल्याचं मला कळलंही नाही.

दिवाळीच्या आधी आप्पा म्हणाले, "वही फेअर करून दे. गाडीवार. पहिलंच पान उघडलं तरी नवख्याला कळलं पाहिजे असं." मी सहामाही परीक्षेच्या सुट्टीत ती लिहून काढली. तांबड्या शाईनं रकाने आखले. मिस्त्रीकाकांचे शब्द होते तिथं साध्या भाषेत अर्थ लिहिला. तपकिरी कागदाचं कव्हर घातलं. नवखा कोण, हे मी विचारलं नाही. मला ते सुचलंच नाही असं आजवर मी स्वतःला सांगत आले आहे. खरं म्हणजे आप्पा वही उलटसुलट करून बघत होते आणि खूश दिसत होते, तेवढं मला पुरेसं वाटलं.

दिवाळीनंतर पहिल्या दिवशी गॅरेजला गेले तर माझ्या स्टुलावर माझ्या आत्याचा मुलगा बसला होता. सांगलीहून डिप्लोमा करून आलेला. मांडीवर माझी वही. मला बघून म्हणाला, "ये की, ये. शिकवतो तुला कसं चालवायचं ते."

मी तिथंच उभी राहिले. मिस्त्रीकाका शेजारीच एका जीपच्या पॉइंटमध्ये वाकले होते. आप्पा त्यांच्याकडं गेले आणि अगदी मायेनं म्हणाले, "मिस्त्री, लई वर्षं वाकून काढली तुम्ही. आता ट्यूनिंग ह्यो पोरगा बघंल. तुम्ही बसून बारकी कामं करा."

मिस्त्रीकाका सरळ झाले. कापडाला हात पुसत मशीनपाशी आले. आतेभावाच्या मांडीवरची वही त्यांनी उचलली नाही, फक्त वाकून बघितली. त्यांना वाचता येत नव्हतं. रकाने मात्र त्यांना दिसले असतील.

"मालक," ते म्हणाले, "ह्यो माझा कान हाय."

आप्पा हसले. "तुमचाच की! कुठं न्हाय म्हंतोय?"

मग मिस्त्रीकाकांनी माझ्याकडं पाहिलं. इतके महिने ते मला पोरी म्हणत होते.

"अक्षर झकास हाय तुमचं, बाईसाहेब," ते म्हणाले. खुंटीवरची पिशवी घेतली आणि दुपार व्हायच्या आत गेले. जीपचं बॉनेट तसंच उघडं होतं.

घरी मी आप्पांसमोर जाऊन उभी राहिले. "तुम्ही शब्द दिला होता," मी म्हणाले.

त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "मोडला कुठं? मार्गशीर्षात तुमचं दोघांचं लगीन. आत्याला मी कवाच शब्द दिलाय. मामाची पोरगी, बाहेर कशाला द्यायची? मशीन घरात, वही घरात, तू घरात. तुझंच झालं की सगळं!"

मी आईकडं पाहिलं. ती तव्यावरची भाकरी उलटत होती आणि भाकरी उलटून झाली तरी तिनं मान वर केली नाही. म्हणजे तिला ठाऊक होतं. आत्याला ठाऊक होतं, त्या मुलाला ठाऊक होतं. मशीन आलं त्या दिवशीच कदाचित ठरलं असेल. मिस्त्रीकाकांचा हिशेब आणि माझा, दोन्ही एकाच जागी चुकले होते. मी परक्या घरी जाणार या भरवशावर त्यांनी सगळं दिलं, मी घेतलं, आणि मला कुठंच पाठवलं जाणार नव्हतं.

मी लग्नाला नाही म्हणाले. माझ्या तोंडून तो शब्द इतका मोठ्यानं गेला की शेजारच्या बाई खिडकीत आल्या. पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. आत्यानं येणं सोडलं. आतेभाऊ दोन महिने मशीनपाशी बसला आणि मग पिंपरीला एका कारखान्यात लागला.

तो गेला त्या संध्याकाळी आप्पांनी वही आणून माझ्यासमोर ठेवली. "जा, बस उद्यापासून. शब्द पाळतोय बघ."

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजला जाण्याआधी मिस्त्रीकाकांना शोधायला गेले. एमआयडीसीच्या फाट्याजवळ पत्र्याच्या आडोशाला त्यांनी काम मांडलं होतं. एक गाडी उघडी होती. मला बघून त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"या, बाईसाहेब. गाडी कुठाय?"

"गाडी नाही. काका, मला बसायला सांगितलंय मशीनपाशी. तुम्ही आलात तर मी आप्पांना सांगते..."

"तुम्ही बसा की. मशीन तुमचं, वही तुमची. माझं काय राहिलंय तिथं?"

कितीतरी दिवस जे म्हणायचं होतं ते मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

"व्हय," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "मलाबी न्हवतं."

गाडीचा मालक चहा घेऊन परत आला तसे ते कामाला लागले. मी फाट्यावर येऊन थांबले. मग बस आली.

घरी येऊन मी वही आप्पांच्या टेबलावर ठेवली आणि मी बसणार नाही असं सांगितलं.

"लगीन नको म्हणालीस, न्हाय केलं," आप्पा म्हणाले. "मशीन पाहिजे म्हणालीस, दिलं. आता आणि काय पाहिजे तुला?"

ते चिडून विचारत नव्हते. चष्मा काढून, हातातला पेपर बाजूला ठेवून, खरंच विचारत होते. मी सांगायला तोंड उघडलं, आणि कुठून सुरुवात केली तर त्यांना कळेल, ते मला सुचेना.