छाटणीचे हात

जपणुकीचा गुण आपण बहुधा कधी काही न तोडणाऱ्यांच्या ठायी शोधतो. तात्यांनी जन्मभर तोडले आणि तोडता तोडताच जपले. सफरचंदांच्या त्या गावात हिवाळ्यातील छाटणी त्यांच्याकडे असे. निष्पर्ण फांदीवरचा कोणता डोळा पानाचा आणि कोणता फळाचा, हे ते नुसता अंगठा फिरवून सांगत.

एका हिवाळ्यात ग्रामजीवनावर चित्रपट काढण्यासाठी मंडळी आली. भावाशी भांडलेला नायक संतापाने झाडाची थोरली फांदी करवतीने उतरवतो, असा प्रसंग होता. त्यासाठी निवडले गेले ते तात्यांच्या वडिलांनी लावलेले झाड. बाग आता पुतण्याच्या नावे होती आणि त्याने होकार देऊन टाकला होता.

करवत लागण्यापूर्वी तात्या बुंध्याला पाठ टेकून उभे राहिले.

"तात्या, एकच तर फांदी," पुतण्या पुटपुटला.

"तुला तर दोन कान आहेत. त्यातला एक देतोस?"

दिग्दर्शक नम्रपणे म्हणाला, "राग दिसायला हवा हो. तुमच्याकडे माणसं रागावत नाहीत?"

"रागावतात की. पण रागाने फांदी तोडणारा इथे अजून जन्मायचाय. आम्ही भांडलो की कात्री घेऊन झाडावर चढतो. चार झाडं छाटली की राग उतरतो, मग आम्ही उतरतो."

चहा घेऊन आलेल्या तात्यांच्या पत्नीने, काकूंनी, साक्ष दिली, "खरंय. लग्नाच्या पहिल्या वर्षी यांची अख्खी बाग छाटून झाली होती."

दिग्दर्शकाला हसू आवरेना. त्याने करवत गाडीत ठेवायला लावली आणि प्रसंग बदलला. पण नायकाला कात्री धरता येईना. दोनदा त्याची कात्री फळाच्या डोळ्यावरच घसरली. अखेर त्याचा सदरा तात्यांच्या अंगात चढला आणि कॅमेऱ्याने केवळ त्यांचे हात टिपले.

पुढे शाळेच्या सभागृहात चित्रपट दाखवला, तेव्हा पंचविशीच्या नायकाला सत्तरीचे भेगाळलेले हात फुटलेले पाहून गाव पोट धरून हसले. मग हळूहळू हसू ओसरले. ते हात फांदी चाचपत होते, थबकत होते, हवे तेवढेच कापत होते.

"माझ्याशी भांडताना एवढा धीर नसायचा," काकू शेजारणीच्या कानाशी म्हणाल्या. पण नजर पडद्यावरून हलली नाही.

तात्या जाऊन सहा वर्षे झाली. करवतीपासून वाचलेल्या त्या फांदीला यंदाही सफरचंदे लागली आहेत.