उजव्या हाताचा खिळा

आमच्या गावच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला येशूला क्रूसावरून उतरवतात. मूर्ती लाकडी आहे, माणसाएवढी. खांद्यांत चामडं बसवलेलं, त्यामुळे खिळा निघाला की हात खाली येतो. दोन्ही बाजूंना शिड्या लावतात, घंटेऐवजी लाकडी खुळखुळा वाजवतात आणि पकडीने खिळे काढतात. शेजारच्या देवळात जसे पालखीचे मानकरी, तसे आम्ही खिळ्यांचे. उजवा हात घरातल्या थोरल्या मुलाचा, डावा धाकट्याचा. बाप्तिस्मा घेतला म्हणून कोकणी माणूस आपला मान सोडतो, असं कुणी समजू नये. यावरून आमच्या आज्याने सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं.

उजवा हात माझ्या भावाचा. तारकर्लीच्या रस्त्यावर त्याला एका जीपने उडवलं. भाऊ सायकलवर होता, जागीच गेला. जीप चालवणारा आमच्याच वाडीतला, पर्यटकांना सोडून परत येत होता, दारू प्यायलेला. तो तुरुंगात गेला, सुटून आला आणि रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसू लागला. मी त्याच्याकडे बघत नसे. आमची आई, म्हणजे मांय, तीही बघत नसे. आमचं मायलेकांचं एरवी कशावरच जमत नाही, पण याबाबतीत एकमत आहे असं मी धरून चाललो होतो.

भावामागे काका उजवा खिळा काढायचे. यंदा त्यांचे गुडघे गेले. मी कचेरीत रजा टाकून ओरोसहून एसटीने घरी आलो, तेव्हा मांय म्हणाली, "माणूस मी बघून ठेवलंय. फादरांका सांगलंय." काकांचा जावई असेल, मला वाटलं. मी विचारलं नाही. उपास होता आणि उपासाला माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं असतं.

दुपारी खुळखुळा वाजला. मी डावीकडच्या शिडीवर चढलो, पकड खिळ्याला लावली, आणि समोरच्या शिडीवरून एक पिकलेलं डोकं वर आलं. तेल लावून चापून बसवलेले केस, अंगात पांढरा झगा. त्याने मान वर केली. तोच जीपवाला होता. त्याच्या हातात आमच्या घरची पकड होती, माझ्या भावाची. मुठीला गुंडाळलेला निळा दोरा मी लगेच ओळखला. खाली अख्खं चर्च चिडीचूप झालं. मी मांयला शोधलं. ती पहिल्या बाकाशी गुडघ्यांवर होती आणि वर बघतच नव्हती.

मला खाली उतरून निघून जायचं होतं. खरं सांगायचं तर त्याला शिडीवरून ढकलायचंही होतं. आमच्या दोघांच्या मधे ती मूर्ती नसती तर काय झालं असतं, कोण जाणे.

तो खिळा सरळ ओढू लागला. आमचे खिळे तसे निघत नाहीत. आधी डावीकडे पिळायचे, मग ओढायचे. हे भावाने मला लहानपणी परसातल्या ओंडक्यावर शिकवलं होतं, आणि आमच्या घराबाहेर ते कुणाला ठाऊक नाही. त्याने जोर केला तसं तळव्याचं लाकूड करकरलं. अजून एक हिसका बसला असता तर हात फुटला असता. घामाने त्याचे डोळे भरले होते.

"माका जमणा नाय," तो पुटपुटला. मला नाही, मूर्तीला.

"फिरव," मी म्हणालो. "डावीकडे फिरव. मगे ओढ."

माझ्याच तोंडून हे आलं, हे मला क्षणभर खरं वाटेना. खिळा निघाला. तो लाकडी हात खाली आला आणि त्याच्या खांद्यावर पडला, माझ्या भावाच्या खांद्यावर पडायचा तसाच. तो हमसून रडायला लागला. माझा खिळा मी कसा काढला, मला आठवत नाही.

घरी आलो तर मांय चुलीवर पेज ढवळत होती. मी दारातूनच ओरडलो, "तेना माझ्या भावाक मारल्यान, आणि तू तेच्याच हातात पकड दिलंस?"

"फादरांच्या हातात दिलंय. तेच्या हातात देवचा धाडस झाला नाय."

"पण कित्याक?"

"आमका उगीच वाटता, आमी खिळे काढणारे. देवान क्रूसार माफी कोणासाठी मागल्यान? ठोकणाऱ्यांसाठी. काढणारे तेवा खंय होते?"

"म्हणजे तू माफ केलंस तेका?"

"नाय." तिचा हात थांबला. "तेच्याशी एक शब्द बोलाक माका अजून जमाक नाय." ती रडत होती, आणि त्यात धुराचा काही संबंध नव्हता. "तू बोललंस. माझ्या कानार इला. ह्या घरातलो पयलो तूच."

मी कुणाला माफबिफ केलेलं नव्हतं. मूर्तीचा हात मोडू नये म्हणून बोललो होतो, एवढंच. हेच मला तिला ओरडून सांगायचं होतं. माझा संताप होता तिथेच होता, आणि तरी ती म्हणत होती ते घडून गेलं होतं. मांयने पेजेची वाटी माझ्यापुढे ठेवली.

"येत्या वर्षी आदी बोलाव तेका, परसात," ती म्हणाली. "भावान तुका शिकयल्यान, तसो शिकय."