अर्धा ग्लास पाणी

म्हातारपणचा विसराळूपणा आधीच ओळखता येतो का, या संशोधनासाठी एक बाई दर महिन्याला आमच्या लातूरच्या घरी यायच्या. दुष्काळ, नळ दहा दिवसांनी. म्हणून अर्धाच ग्लास पाणी मागायच्या. उत्तर चुकलं तरी म्हणायच्या, "बरं हाय, गुरुजी." मी नाव दिलं ते संशोधनाला हातभार म्हणून. पोरांकडून तीस वर्षं पाढे घोकून घेतलेल्या डोक्याला काय धाड भरलीय!

एकदा त्यांनी वार विचारला. मी ऐटीत म्हणालो, "वार कोण मोजतंय? नळ येऊन आज नववा दिवस."

आतून बायको म्हणाली, "अहो, नळ काल आलता. घागरी तुम्हीच भरल्या की."

बाई "बरं हाय" म्हणाल्या नाहीत. त्यांनी पूर्ण ग्लास पाणी मागितलं आणि माझ्याकडे न बघता हळूहळू पीत बसल्या.