बंगाली वाटतच नाही तुम्ही

परवा पेठ वडगावला एका लग्नाला गेले होते. पंगतीत शेजारी बसलेल्या काकूंनी आडनाव विचारलं, मी सांगितलं... आणि त्या जिलबी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं बाई, बंगाली? वाटतच न्हाय की!"

कौतुकानंच म्हणाल्या बिचाऱ्या. मीही नेहमीसारखी हसले. पण मला बाबा गेले तो दिवस आठवला.

बाबा सोन्याचे कारागीर. नव्वदीच्या सुरुवातीला मेदिनीपूरहून कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफबाजारात, कामाला आले, मागोमाग आई आणि मी. दिवसभर मान खाली घालून कोल्हापुरी साज घडवायचे. आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांच्या गळ्यात बाबांच्या हातचे मणी आहेत... त्यांना ते माहीत नाही, ही गोष्ट वेगळी.

आई आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तिला शिकवलं शेजारच्या आक्कांनी. आक्कांचं माहेर निपाणीकडचं, घरात निम्मं कानडी, त्यामुळे परक्या भाषेत संसार मांडणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. भाकरी थापायलाही त्यांनीच शिकवलं. दोन वर्षांत आई भाजीवाल्याशी अशी भांडायला लागली की गल्लीतल्या बायका तिला सोबत न्यायच्या!

आणि आईला इथली एक रीत फार आवडली होती. कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही... घरोघरी गॅस आले तरी म्हणायचं चूलच. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी, आमटी-भात घेऊन जातात. त्याला कडू घास म्हणतात.

आईनं गल्लीतलं एकही घर चुकवलं नाही. आक्कांचे सासरे वारले तेव्हा पहिला डबा आमच्या घरचा होता. आक्का जेवत नव्हत्या, तर आईनं त्यांना हातानं भरवलं होतं.

मग बाबा गेले. दोन हजार दोन साल असेल, मी बारावीत होते. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

गल्लीनं काही कमी केलं नाही, हेही सांगते. तालमीतली पोरं धावून आली, तिरडी बांधली, खांदा दिला. दुपारच्या आत पंचगंगेवर सगळं उरकलं.

घरी आल्यावर बाबांबरोबर काम करणारे, आमच्या गावाकडचेच एक काका म्हणाले, खानावळीतून जेवण आणतो. भिंतीला टेकून बसलेली आई एकदम सावरून बसली. बाहेरून काही आणायचं नाही, गल्लीतून येईल, असं त्यांना बंगालीत समजावू लागली... आणि बोलता बोलता मराठीवर गेली. "आपल्यात असंच असतंय."

नवऱ्याला पोचवून तास झाला नव्हता, आणि ती गावाकडच्या माणसाला कोल्हापूरची रीत सांगत होती. अभिमानानं सांगत होती हो!

बायका येत होत्या. आईला जवळ घेत होत्या, रडत होत्या, जात होत्या. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, आई कुणाच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती येणारीच्या हातांकडे बघत होती.

हात रिकामेच होते.

तीन वाजले, चार वाजले. काका खानावळीत जायला उठले, आईनं त्यांना खाली बसवलं. "येतील की. उशीर झाला असंल."

दिवेलागणीला ती उठली. गॅस पेटवला, पिठल्यासाठी बेसन कालवलं, परातीत पीठ घेतलं आणि भाकऱ्या थापायला बसली. आपल्याच नवऱ्याचा कडू घास तिनं आपल्याच हातानं रांधला.

भाकरी थापल्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला असणार. आक्का आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं, चूल पेटवलीस व्हय?"

आईनं मान वर केली नाही. मीच म्हणाले, "कुणीच काही आणलं नाही, आक्का."

आक्कांचा चेहरा पडला. "आम्हाला काय म्हाईत बाई... तुमच्यात आमचं चालतंय का न्हाय. तुमचं काय येगळं असंल म्हणून सगळ्याच थांबलो."

तुमच्यात! आईला भाकरी शिकवणारी बाई हे म्हणत होती.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुमचे सासरे गेलते तवा माझी भाकरी चालली न्हवं, आक्का?"

आक्का पदर तोंडाला लावून उंबऱ्याशीच बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून डबे आले. इतके, की ठेवायला जागा पुरेना. आईनं सगळे घेतले, घासूनपुसून परत केले. आम्ही जेवलोही... पण मागून घेतल्यासारखं वाटत होतं सगळं. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

आई अजून त्याच गल्लीत राहते. कुणी गेलं की अजूनही पहिला डबा तिचाच असतो. मी चिडते, कशाला जातेस म्हणते. ती शांतपणे म्हणते, "त्यांच्यात असतंय तसं."

बाबा गेले त्या दुपारपर्यंत ती 'आपल्यात' म्हणायची.

वडगावच्या काकूंना मी यातलं काही सांगितलं नाही. लग्नाच्या मांडवात कशाला... बंगाली वाटत नाही म्हणाल्या, त्यांचं बरोबरच आहे. आम्ही कधीच कुणाला बंगाली वाटलो नाही. फक्त घरात चूल बंद होती, त्या एका दिवशी वाटलो.