थोरल्या सरांनी सांगितलेल्या वेळा

थोरल्या सरांनी एकतीस वर्षांत एकाही खेळाडूला त्याच्या नावानं हाक मारली नाही. नवा खेळाडू पहिल्या दिवशी मैदानाला चक्कर मारायचा, सर पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बघत राहायचे, आणि चक्कर पुरी व्हायच्या आत त्याचं नाव पडलेलं असायचं. फटफटी, सुतळी, भाडेकरू. भाडेकरू का, तर तो स्वतःच्या लेनमध्ये दोन पावलं टाकायचा आणि मग दुसऱ्याच्या लेनमध्ये राहायला जायचा. ही नावं इतकी चिकटायची की एकदा एक आई थेट प्राचार्यांच्या खोलीत जाऊन म्हणाली, "आमचा भाडेकरू इथंच येतो ना?" प्राचार्यांनी तिला सभ्यपणे नगरपालिकेचा रस्ता दाखवला.

सर कॉलेजात आले ते सामानाच्या खोलीचे कारकून म्हणून, तीन महिन्यांसाठी. त्या वेळचे कोच भांडून निघून गेले, तेव्हा त्यांच्या गळ्यातली शिट्टी तात्पुरती यांच्या गळ्यात आली. ती काढून घ्यायला पुढं कुणाला सवड झाली नाही. मैदानही तसंच नशिबाला आलेलं. वाचनालयाच्या इमारतीनं त्याचा एक कोपरा गिळलेला, त्यामुळं चारशे मीटरचा फेरा बसायचाच नाही, तीनशेवीस भरायचा. दुसऱ्या कुणी अर्ज-विनंत्या केल्या असत्या. सरांनी टाकीपाशी एक रेघ ओढली आणि सांगितलं, इथून सुटायचं, फेरा पुरा करून आणखी ऐंशी मीटर पळायचं, झाले चारशे. दर सोमवारी ओणवं होऊन चुन्याची फक्की ते स्वतः मारायचे.

अशा लंगड्या मैदानातून पोरं राज्यापर्यंत गेली. लोक म्हणत, सरांच्या घड्याळात काहीतरी आहे. तसं त्यात काही नव्हतं. साधं स्टॉपवॉच, दोरीला तीन गाठी. पण सर प्रत्येकाला एकेकटं पळवायचे, दोघांना कधी बरोबर सोडायचे नाहीत. घड्याळ मुठीत धरून ते एकटेच बघायचे, आकडा सांगायचे आणि रजिस्टरात लिहायचे. रजिस्टर टेबलावर उघडं टाकून मग चहाला जायचे. त्यांची पाठ वळली की सगळी टीम त्यावर माशांसारखी बसायची.

त्या सोमवारी फक्की मारता मारता सर खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, बोलतीलही, वेळ लागेल.

वेळ मात्र नव्हता. विद्यापीठाच्या स्पर्धेचे प्रवेश बुधवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होते. मुलींच्या चारशे मीटरला एका कॉलेजातून एकच नाव पाठवता येत होतं, आणि दावेदार दोघी होत्या.

ठरवायची पाळी आली धाकट्या सरांवर. हे सरांचेच जुने खेळाडू, आता अकरा वर्षं सहायक. या अकरा वर्षांत त्यांनी स्वतःचं असं एकच वाक्य कमावलं होतं: "सर म्हणतील तसं." त्यांच्या तारुण्याचा, चारशे मीटरचा, पन्नास पॉइंट नऊ सेकंद हा आकडा व्यायामशाळेच्या भिंतीवर कॉलेजचा विक्रम म्हणून रंगवलेला होता आणि ते रोज त्याच्याखाली डबा खायचे.

दोघींपैकी एक तोफ. आवाज तसा, चाल तशी, स्वतःविषयीचं मतही तसंच. दुसरी मुंगी. बारकी, अबोल, सरांनी 'ये' म्हटलं तरी आधी मागं वळून बघायची, दुसऱ्या कुणाला म्हणतायत की काय. मुंगी गेल्या वर्षापर्यंत आठशे पळायची, म्हणून दोघींची गाठ कधी पडली नव्हती.

धाकट्या सरांनी प्रामाणिक माणूस करतो तेच केलं. रजिस्टर उघडलं. मुंगी एकोणसाठ पॉइंट दोन. तोफ एकोणसाठ पॉइंट सहा. बुधवारी सकाळी साडेदहाला त्यांनी ऑफिसात मुंगीचं नाव भरून घेतलं आणि अकराला फलकावर यादी लावली.

"पॉइंट चार?" तोफ फलकासमोर म्हणाली. "सर, तेवढ्यात तर मी शिंकते."

"मग शिंकायचं नाही पळताना," धाकटे सर म्हणाले. या विनोदावर ते दुपारपर्यंत खूश होते.

मुंगीनं जिन्याखाली जाऊन घरी फोन लावला आणि भिंतीकडं तोंड करून हळूच म्हणाली, "आई, माझं नाव लागलं." हे धाकट्या सरांनी येता-जाता ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

दुपारी एकला ते रुग्णालयात गेले. सरांच्या उशाशी काकू संत्रं सोलत होत्या. सरांचा चेहरा एका बाजूला उतरला होता, पण डोळे तेच, टाकीपाशी उभं राहून बघणारे.

"शब्द येतायत," काकू म्हणाल्या. "आकडे तेवढे गेलेत. सकाळी मुलं किती विचारलं, तर चौदा म्हणाले. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले."

धाकट्या सरांनी सगळं सांगितलं. यादी लावली, मुंगीचं नाव दिलं, अगदी रजिस्टर बघून.

सरांचा डावा हात त्यांच्या मनगटावर येऊन बसला. "रजिस्टर बघून?"

"हो सर."

"गाढवा," सर म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ आला. "रजिस्टर पोरांना बघायला होतं. तुला नव्हतं."

धाकट्या सरांना कळायला थोडा वेळ लागला. सर तुटक तुटक बोलत होते. माजलेल्याला वेळ वाढवून सांगायची, म्हणजे तो चिडून पळतो. भित्र्याला कमी करून सांगायची, म्हणजे त्याला वाटतं आपण तेवढे आहोत, आणि मग तो तेवढा होतो. तोफेला वाढवून. मुंगीला कमी करून. खरे आकडे कुठं लिहिलेले नव्हते. ते सरांच्या डोक्यात होते.

"किती वाढवून, सर? किती कमी?"

"सात," सर म्हणाले. मग डोकं हलवलं. "नाही. चाळीस. नाही, थांब." त्यांनी डोळे मिटले, ओठ हलत राहिले, आणि डावी मूठ गादीवर आपटली. "आहे रे इथं. निघत नाही."

"अहो, राहू द्या," काकू म्हणाल्या.

विचारू नये असं वाटत असताना धाकट्या सरांनी विचारलं, "आणि माझी, सर? पन्नास पॉइंट नऊ?"

सरांनी त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग डोळ्यांतून पाणी आलं. या आजारात ते उगीचही येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

बाहेर आले तेव्हा दोन वाजले होते. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. यादी लागली होती, फोन झाला होता. मुंगी स्पर्धेत मागं पडली असती तर लोक म्हणाले असते, पोर घाबरली. सरांची लबाडी कुणाला कळली नसती, धाकट्यांचा गाढवपणाही नाही. आणि दोघींत खरी वेगवान कोण, हे त्यांनाही कुठं ठाऊक होतं? चौकात सिग्नल दोनदा हिरवा झाला तरी ते तिथंच उभे होते.

साडेतीनला त्यांनी दोघींना मैदानावर बोलावलं. "बरोबर पळायचंय. पुरे चारशे."

"यादी लागलीय ना, सर?" मुंगीनं विचारलं.

"लागलीय."

"मग?"

"थोरल्या सरांना वेळ कळवायचीय," ते म्हणाले. एवढं तरी अर्धं खरं होतं.

तोफेनं बुटाची नाडी आवळली. "चल गं मुंगे. शेवटच्या वळणावर भेटू. मी थांबते तुझ्यासाठी."

मुंगी हसली नाही. तिनं आधीच बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली.

टाकीपाशी शिपाईमामा सुटायची खूण द्यायला दोन लाकडी फळ्या घेऊन उभे राहिले. धाकटे सर शेवटच्या रेघेवर. मुठीत तेच घड्याळ, दोरीच्या तीन गाठी तळव्याला टोचत होत्या. आवाज उशिरा पोचतो, म्हणून डोळे फळ्यांवर. फळ्या मिटल्या, अंगठा दाबला गेला.

तोफ तोफेसारखीच सुटली. वाचनालयाच्या कोपऱ्याशी ती आठ-दहा पावलं पुढं होती. धाकट्या सरांना एकदम हलकं वाटलं, निकाल लागला. मग लांबच्या बाजूला मुंगीचं डोकं खाली गेलं आणि अंतर कमी व्हायला लागलं. आठ पावलं. पाच. टाकीपाशी, शेवटच्या ऐंशी मीटरांना, तीन. तोफेनं मागं वळून बघितलं. ती कधी बघत नसे. धाकट्या सरांच्या ध्यानात आलं की आपण मनात 'मुंगी, मुंगी' म्हणतोय, आणि ते तिच्यासाठी नाही. ती जिंकली तर कुणाला काही सांगावं लागणार नाही, म्हणून.

तोफ दीड-दोन पावलांनी आधी आली. मुंगी रेघ ओलांडून गवतात गुडघ्यांवर बसली. अंगठा दोनदा दाबला गेला होता. घड्याळात दोन आकडे होते, आणि जगात ते फक्त एका माणसाला दिसत होते.

"किती, सर?" मुंगीनं मान वर न करता विचारलं.

एकोणसाठ पॉइंट एक म्हणायला काय लागतं? तिचा चेहरा उजळला असता. तोफेचीही तेवढीच कमी करून सांगितली की हिशेब जुळला असता. ही कला त्यांनी अकरा वर्षं शेजारी उभं राहून पाहिली होती, फक्त ती कला आहे हे त्यांना आज कळलं होतं.

"तोफ एकोणसाठ पॉइंट तीन," ते म्हणाले. "तू एकोणसाठ पॉइंट आठ."

"माझी तर पॉइंट दोन आहे. रजिस्टरमध्ये."

मग त्यांनी सांगितलं. उभ्यानं सांगता येईना, म्हणून तेही गवतात बसले. तोफ आधी म्हणाली, "म्हणजे माझी वाढवून लिहायचे? वाटलंच होतं मला." मग तिनं मुंगीकडं बघितलं आणि आवळलेली नाडी सोडायला लागली.

"खरी किती होती माझी?" मुंगी म्हणाली.

"कुणालाच माहीत नाही. साठच्या वर असणार."

"म्हणजे मी साठच्या आत कधी आलेच नव्हते."

"आज आलीस."

"सर, ते आकडे बघून मी आठशे सोडलं." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आठशेला आता दुसरी आहे. आणि आईला मी सकाळी फोन केलाय."

पावणेपाचला धाकटे सर ऑफिसात गेले. कारकून बाईंनी पर्स खांद्याला लावली होती. "सकाळीच भरलंय की नाव. सारखं बदलायला ही काय बसची सीट आहे?"

"बदला, बाई," दारातून आवाज आला. मुंगी मागोमाग आली होती. "माझं काढा. तिचं घाला." नाव भरून होईपर्यंत ती दारातच उभी राहिली, आणि पाचला चार मिनिटं असताना निघून गेली.

सहाला धाकटे सर परत रुग्णालयात पोचले. सरांनी भुवई उचलून विचारलं.

"तोफ," ते म्हणाले. "मुंगी दीड-दोन पावलांनी मागं. दोघींना सगळं सांगितलं."

सरांनी मान भिंतीकडं फिरवली. "सोडणार ती."

"फाटकापाशी भेटली मघाशी. उद्या येते म्हणाली. पण यापुढं घड्याळ ती स्वतः बघणार, पळून झाल्या झाल्या. मी आकडा तोंडानं सांगायचा नाही."

"तू काय म्हणालास?"

"बरं म्हणालो."

काकूंनी चादर नीट केली. मग सर म्हणाले, "आकडा तीच बघणार. मग तू तिला काय देणार?"

"बघू," धाकटे सर म्हणाले. विचार करायला सकाळी साडेपाचपर्यंत वेळ होता, आणि मुंगी नेहमी दहा मिनिटं आधीच यायची.