झोपेचं टाइमटेबल

मी डबल बेल दिली तेव्हा म्हातारीचा एक पाय अजून पायरीवर होता.

डबल बेल म्हणजे कंडक्टरचा हुकूम. दोरी एकदा ओढली की ड्रायव्हरने थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. ड्रायव्हर समोर बघतो. मागे कोण चढलं, कोण उतरलं, ते बघणं माझं काम. त्यामुळे डबल बेल ही एक प्रकारची सहीच असते. सगळे सुखरूप आहेत, असं मी लिहून दिलं आणि ते खोटं निघालं.

नेकनूरच्या स्टॉपवर हे झालं. गाडी हलली, म्हातारी खाली बसली, तिच्या पिशवीतली वांगी रस्त्यावर पसरली. आमच्या ढाकणे ड्रायव्हरांनी आरशात बघून कचकन ब्रेक मारला म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं. मी उतरून तिला उठवलं, वांगी गोळा केली.

"कावून गं बाय, डोळे फुटले का तुजे?"

"चुकलं माझं, मावशी."

"चुकलं न्हाई. झोपली व्हतीस तू. म्या बघितलं."

खरं होतं ते. मी उभ्या उभ्या झोपले होते, डोळे उघडे ठेवून. रात्रभर खाटेवर न आलेली झोप भरदुपारी चाळीस माणसांसमोर आली होती.

त्याच्या दीड वर्ष आधी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली होती. कॅन्सर. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, मग किमो झाली. घंटीची दोरी मी उजव्या हाताने ओढते, तेवढं एक बरं झालं. झोप गेली ती किमोच्या दिवसांत. उलटी होऊ नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यातली एक गोळी झोप उडवते. किमो संपली, ती गोळीही संपली, पण झोप काही परत आली नाही. पुढे काही वर्षं घ्यायची हार्मोनची गोळी सुरू झाली आणि अंगातून वाफा निघायला लागल्या. थंडीतही पांघरूण फेकून द्यावंसं वाटायचं. आणि भीती वाटायची, हे सरळ सांगते. अंधारात हात आपोआप उजव्या बाजूला जायचा, तिकडे काही लागतं का बघायला. मग कुठली झोप.

डेपोत पोचल्यावर मी स्वतःच रिपोर्ट लिहून दिला. डेपोचं नाव सांगत नाही, साहेब लोक अजून नोकरीत आहेत. ढाकणे म्हणाले, "बाई, कावून लिहिताय? म्हातारीनं तक्रार दिली न्हाई, म्या बोलणार न्हाई." मी म्हटलं, "आज कोपर खरचटलं. उद्या डोकं फुटलं तर?"

आमचे डेपो मॅनेजर चांगला माणूस. त्यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला.

"सुरेखाताई, तुम्ही लाइट ड्युटी घ्या."

लाइट ड्युटी म्हणजे गाडीवर जायचं नाही. चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि कुठली गाडी किती वाजता ते सांगायचं. आजारी, अपघात झालेल्या लोकांना देतात.

"किती दिवस, साहेब?"

"आता कायमचीच करून टाकू. मेडिकल ग्राउंड आहे, कोणी नाही म्हणणार नाही. हा फॉर्म भरा."

फॉर्मवर मी लाइन ड्युटीला, म्हणजे गाडीवरच्या कामाला, कायमची अनफिट आहे असं छापलेलं होतं. खाली माझी सही हवी होती. मी शिरूर कासारकडच्या ऊसतोड्यांची पोरगी. आमच्या खानदानात सरकारी खाकी घालणारी पहिली मीच. बारा वर्षं गाडीवर काढली, एकदाही चुकीबद्दल मेमो नाही. कॅन्सरने जे घ्यायचं ते घेतलं होतं. ही खाकी खिडकीत बसवून ठेवायची माझी तयारी नव्हती.

"साहेब, लाइट ड्युटी घेते. सही दोन महिन्यांनी विचारा."

"दोन महिन्यांत काय होणार आहे?"

"ते मला पण माहीत नाही."

घरी गोष्ट वेगळीच होती. नवरा माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कामाला, आठवड्याने घरी येतो. म्हणून ऑपरेशनपासून माय माझ्याकडे राहिली होती. मायने तीस हंगाम ऊस तोडला. पहाटे तीनला उठून फडात जायचं, ही तिची जिंदगी. तिच्या लेखी सुख म्हणजे एकच, सूर्य उगवेपर्यंत अंथरुणात पडून राहणं. ते तिला मिळालं नाही म्हणून मला द्यायचं तिने ठरवलं होतं. रात्री आठला मला खाटेवर घालायची. काशाच्या वाटीने तळपाय घासायची, दुधात जायफळ उगाळून द्यायची. सकाळी कोणी मोठ्याने बोललं तरी त्याच्या अंगावर जायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी पुन्हा पडायला लावायची. भेटायला येणाऱ्या बायका सांगायच्या, "आराम कर बाई, आरामच औषध हाय." मी आराम करत होते. रोज दहा-अकरा तास खाटेवर पडून छत बघत होते.

पुढच्या तपासणीला संभाजीनगरला गेले तेव्हा डॉक्टरांना सगळं सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं. जीव वाचला, आता झोपेचं काय रडायचं, असं वाटायचं. त्यांनी मला तिथल्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला फटकळ.

"आठवडाभर लिहून आणा. खाटेवर किती वाजता गेलात, झोप किती लागली, उठलात किती वाजता."

लिहिणं मला नवीन नाही. प्रत्येक फेरीला वेबिल भरावं लागतं. वेबिल म्हणजे कंडक्टरचा हिशेबाचा कागद, कुठून कुठे किती माणसं बसली ते. मी झोपेचं वेबिल भरून नेलं. मॅडमनी बेरीज केली. खाटेवर दहा तास, झोप साडेचार तास, ती पण तुकड्यातुकड्यांची.

"आता रात्री साडेअकराच्या आत खाटेवर जायचं नाही. पहाटे पाचला उठायचं. झोप लागो न लागो, पाच म्हणजे पाच. दिवसा आडवं व्हायचं नाही. आणि खाटेवर जागं पडून राहायचं नाही. झोप येईना, तर उठून खुर्चीत बसा, डोळे जड झाले की परत जा."

"मॅडम, मला झोप येत नाही म्हणून आले मी. तुम्ही आहे तीच कापताय."

"तुम्ही कंडक्टर ना? चाळीस पॅसेंजरला किती गाड्या सोडता?"

"एक."

"तुम्ही दोन सोडताय. दोन्ही अर्ध्या रिकाम्या."

मला पटलं. आमच्या धंद्यातलं होतं ते. पाचचं तर फारच पटलं. गाडीत तीन माणसं असली म्हणून गाडी थांबत नाही, टायमिंगला सुटते. हार्मोनची गोळी रात्रीऐवजी सकाळी घेतली तर चालेल का, हेही मी डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, चालेल. हे वाचून कोणी आपल्या मनाने काही करू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा, त्यासाठीच ते बसलेले असतात.

मायला मात्र पटेना.

"झोप कमी कर म्हणती? येडी हाय का ती बाय? दुखण्यातून उठलेल्या माणसाला पहाटं उठिवत्यात व्हय?"

"माय, पडून राहून काय मिळालं सांग. वर्ष होत आलं."

"म्या फडात कोयता चालिवला तो तुला पहाटं उठिवण्यासाठी का? लेकीनं तरी उजेडात उठावं म्हणून शिकिवलं तुला."

माय रडत नाही सहसा, तेव्हा रडली. मीही रडले. मग मी तिला डेपोतल्या फॉर्मचं सांगितलं. सही केली तर खाकी असेल, पण गाडी नसेल, हे सांगितलं.

"फडावर झोप व्हायची का गं तुझी?" मी विचारलं.

"व्हायची की. पडलं की मेल्यावानी. सांजच्याला पडायला टाइम कुटं असायचा? आन् मुकादम कदी इचारायचा न्हाई, झोप झाली का म्हणून. गाडी भरायला आली की उठायचं."

बोलता बोलता तिचं तिलाच कळलं. पदराने तोंड पुसून म्हणाली, "बरं. उद्यापसून मीच तुजी मुकादम."

आणि माझी माय म्हणजे पक्की मुकादम. पाचला पाण्याचा तांब्या घेऊन खाटेशी हजर. सुट्टीच्या दुपारी मी भिंतीला टेकले तरी हाक मारायची. भेटायला आलेल्या बायकांना सांगायची, "बसा, पण तिला पड म्हणू नका. दवाखान्याची मनाई हाय." जायफळाचं दूध मात्र चालूच ठेवलं. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, पिऊ द्या, आई खूश राहतील.

पहिले दहा दिवस वाईट गेले. चौकशीच्या खिडकीत मी केजच्या माणसाला परळीचं टायमिंग सांगितलं. गाडीवर नव्हते हे किती बरं होतं, ते तेव्हा कळलं. साहेबांनी लाइट ड्युटी दिली त्याचे आभार मी मनात तिथेच मानले. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री सलग पाच तास झोपले. मला खरं वाटेना, पण वेबिलावर लिहिलं. मग मॅडमनी पाव-पाव तास वाढवत नेलं. दोन महिन्यांनी सहा तासांच्या खाटेवर साडेपाच तास झोप होती आणि दिवसा डोळा लागत नव्हता.

झोपेच्या वेबिलाचा कागद घेऊन मी साहेबांसमोर उभी राहिले.

"सही करत नाही, साहेब. लाइन ड्युटी द्या."

त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी बघितला. "आणि परत नेकनूरसारखं झालं तर?"

"माझा शब्द घेऊ नका. तपासणीला माणूस बसवा. कधी, ते मला सांगू नका."

त्यांनी मला आठवडाभर परीक्षेपुरतं गाडीवर पाठवलं. चौथ्या दिवशी माजलगावच्या सकाळच्या गाडीत आमच्या डेपोचे, गाड्या तपासणारे ट्रॅफिकचे देशमुख साहेब साध्या कपड्यात चढले. डोक्याला रुमाल बांधला होता, पण डेपोतला माणूस चालण्यावरून कळतो. पुढच्या सीटवर बसून त्यांनी वही काढली. मी तिकीट मागितलं, त्यांनी पास दाखवला, दोघंही ओळख नसल्यासारखे. कारखान्याचे दिवस होते. पुढे उसाच्या ट्रॉल्या, गाडी रांगत होती. प्रत्येक स्टॉपवर मी शेवटचा पाय जमिनीला लागलेला बघायची, मगच दोरी ओढायची. डोळे टक्क उघडे होते. बारा वर्षांत इतकी चांगली ड्युटी मी केली नसेल.

अर्ध्या वाटेवर बघितलं, तर देशमुख साहेबांची मान छातीवर. वही मांडीवरून घसरत होती. मी ती उचलून शेजारी ठेवली.

"साहेब, माजलगाव आलं."

ते दचकून उठले, रुमाल सारखा केला, वही बगलेत मारून उतरले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी रिपोर्ट वाचून दाखवला. वाहक संपूर्ण प्रवासात सतर्क आढळल्या. फॉर्म त्यांनी माझ्यासमोर फाडला आणि माझं नाव परत ड्युटी चार्टवर लिहिलं. मी देशमुख साहेबांबद्दल अवाक्षर काढलं नाही. आता त्यांची बदली झाली आहे म्हणून सांगते.

आजही महिन्यातून चार-पाच रात्री कोऱ्या जातात. भीती पूर्ण गेली नाही, जाईल असं वाटतही नाही. पाचला उठते आणि गाडीवर जाते. तीन वर्षं झाली, एकही मेमो नाही, हे मी अभिमानाने सांगते.

शिकले ते एवढंच. ज्याला झोप येत नाही, त्याला नुसती खाट देऊन उपयोग नाही. आणि ज्याला येते, त्याला तपासणीला बसवू नये.