सोजरबाईंची साक्ष

दौंडच्या त्या लहानशा चर्चमध्ये रविवारची उपासना ठरलेल्या क्रमानं चालायची. गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, उपदेश. मग दानाची थैली फिरायच्या आधी पाळकसाहेब चष्मा काढून मंडळीकडं बघत आणि विचारत, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" कुणीतरी उभं राही आणि प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चार वाक्यांत सांगे. कुणाची हरवलेली शेळी सापडलेली असे, कुणाच्या मुलीचं लग्न जमलेलं असे. सोजरबाई बायकांच्या बाजूला भिंतीकडेला बसायच्या. दौंडला नांदायला आल्यापासून तेरा वर्षांत त्या एकदाही उभ्या राहिल्या नव्हत्या.

त्यांचं माहेर घोडनदी गावापासून दोन कोसांवरचं. वडील मिशनच्या बागेत माळी होते. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकून सोजरबाई १९६२ साली लग्न होऊन दौंडला आल्या. नवरा, आनंदराव, रेल्वेत गँगमन. रुळाखालची खडी ठोकून बसवायची, उन्हातान्हात मैलच्या मैल लाइन बघत चालायचं, असं त्यांचं काम. पहिला मुलगा आठ दिवसांचा होऊन गेला. त्यानंतरची मुलगी दोन वर्षांची झाली आणि हगवणीनं गेली. शेजारणी म्हणाल्या, "रड गं बाई, मोकळी हो." पण सोजरबाई चुलीपुढं बसून शास्त्रातलं जे पाठ होतं ते म्हणत राहिल्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. दुसरा आधार त्यांना ठाऊक नव्हता आणि शोधावा असंही कधी वाटलं नाही. पुन्हा कूस उजवली नाही.

१९७४च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. पोलीस धरून नेतील म्हणून आनंदराव वीस दिवस भांडगावकडं म्हाळूच्या पाहुण्यांच्या उसात राहिले. म्हाळू त्यांच्याच गँगमधला, शेजारच्या खोलीत राहणारा, बौद्ध. दोघांचं एकमेकांच्या देवाधर्मावरून रोज वाजायचं आणि दोघं रोज एकाच डब्यातली भाकरी मोडायचे. संप मोडला, दोघं कामावर परत लागले. पण पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात आनंदरावांना खोकला लागला तो जाईना. संध्याकाळी अंग तापायचं. रेल्वेच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. टीबी.

डॉक्टरांनी नव्वद इंजेक्शनं लिहून दिली आणि गोळ्या दीड वर्ष. "बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत," हे त्यांनी दोनदा बजावलं.

सोजरबाईंनी कंबर कसली. रोज सकाळी नवऱ्याला घेऊन दवाखान्यात जायचं, शुक्रवारी उपास करायचा आणि बुधवारी संध्याकाळी खोलीत प्रार्थना ठेवायची. प्रार्थनेला गिताबाई पुढं असायच्या. मंडळीतल्या त्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, आवाज खणखणीत. आनंदरावांच्या कपाळाला तेल लावून त्या अर्धा अर्धा तास प्रार्थना करत. अशाच एका बुधवारी सोजरबाई मनाशी बोलल्या, मालक बरे झाले तर मी चर्चात उभी राहीन. नवस हा शब्द त्यांच्यात कुणी वापरत नसे, पण होतं ते तसंच.

दिवाळीपर्यंत ताप गेला. त्रेचाळीस किलोवर आलेलं वजन एक्कावन्न झालं. नाताळात आनंदराव सगळी गीतं उभ्यानं गायले.

१९७६ सालच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी चष्मा काढला तसं सोजरबाई उभ्या राहिल्या. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. दोन वाक्यं नीट गेली. मंडळी माना डोलावू लागली, गिताबाई मोठ्यांदा "प्रभूची स्तुती असो" म्हणाल्या आणि तेरा वर्षं दाबून धरलेलं सगळं सोजरबाईंच्या तोंडाशी आलं.

"माझ्या मालकाला प्रभूनं बरं केलं," त्या म्हणाल्या. "औषधानं न्हाई. प्रभूनं."

औषधाचं बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. ओघात निघून गेलं. समोर पुरुषांच्या बाजूला आनंदराव ताठ बसले होते, डोळ्यांत पाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या पाण्याच्या तांब्याशेजारी तशाच होत्या. तिसऱ्या दिवशीही.

"अवो, गोळी राहिली की."

"राहिली न्हाई, ठिवलीया," आनंदराव म्हणाले. "चर्चात काय बोललीस काल-परवा? आता मी घरात बसून चोरून गोळ्या खायच्या व्हय? मग तुझी साक्ष खोटी का प्रभू खोटा?"

"मी आपली बोलून गेले."

"साक्ष बोलून जात न्हाईत, सोजे. साक्ष देत्यात."

सोजरबाईंनी गोळ्या फडताळात ठेवून दिल्या. खरं सांगायचं तर त्यांना आतून बरंच वाटलं. इतकी वर्षं रेल्वेच्या चाळीतली, दोन लेकरं पुरलेली बाई म्हणून त्यांना लोक ओळखत. आता चर्चबाहेर बायका आपणहून "सलाम सोजरबाई" म्हणू लागल्या होत्या. आणि आनंदराव धडधाकट दिसत होते.

म्हाळूच्या ध्यानात आलं. बाजेवर बसल्या बसल्या तो म्हणाला, "आनंदा, डॉक्टरनी दीड वर्स सांगितलंय. तुझा देव डॉक्टरला वळखत न्हाई का काय?"

"तुमच्यात देवच न्हाई, तुला रं काय ठावं?"

"देव ठावा न्हाई, पन टीबी ठावा हाय. माझा बाप त्यानंच गेला. वयनी, तुमी तरी सांगा की ह्याला."

वहिनींनी भांडी उचलली आणि आत गेल्या.

मार्चमध्ये चर्चच्या पायरीवर पाळकसाहेबांनी त्यांना थांबवलं. "सोजरबाई, आनंदरावांच्या गोळ्या चालू आहेत ना? प्रभू औषधातूनही काम करतो, हे विसरू नका."

"व्हय साहेब, चालू हायत," सोजरबाई म्हणाल्या. सरळ त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाल्या. गिताबाई आणि बाकीच्या बायका पुढं गेल्या होत्या, ऐकायला कुणी नव्हतं.

जूनमध्ये लाइनीवर काम करता करता आनंदरावांना खोकल्याची उबळ आली आणि रक्त पडलं. म्हाळूनं आणि मुकादमानं त्यांना ट्रॉलीवर घालून आणलं. डॉक्टरांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "गोळ्या कधी सोडल्या?" आनंदरावांनी तोंड फिरवलं, सोजरबाईंनी मान खाली घातली. डॉक्टर पुढं काही विचारायचे थांबले. इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली, पण आता ती लागू पडेनात. पुण्याच्या मोठ्या इस्पितळात दोन महिने काढले. वजन एकोणचाळीस झालं.

तिथल्या खाटेवर आनंदरावांनी सोजरबाईंचा हात धरला. बोलताना मध्ये मध्ये श्वास घ्यावा लागत होता. "सोजे, गोळ्या सोडल्याचं मंडळीत कुनाला सांगू नगंस."

"का वं?"

"तुझी साक्ष पडंल. लोक हसतील... प्रभूला."

सोजरबाईंनी होकाराची मान हलवली. सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी, दुपारी साडेबारा वाजता आनंदराव गेले. शेवटची प्रार्थना करायला सोजरबाईंनी डोळे मिटले, पण शब्दच आठवेनात. लेकरांच्या वेळी आठवले होते.

दौंडला माती झाली. म्हाळू खड्ड्याच्या कडेला उभा होता. तो त्यांना एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं असं सोजरबाईंना वाटलं.

तिसऱ्या दिवशी खोलीत प्रार्थनेला बायका जमल्या. गिताबाई म्हणाल्या, "सोजर, वाईट वाटून घिऊ नगं. पन खरं ते खरं. प्रभूनं आनंदरावाला बरं केलंच व्हतं. तुझी साक्ष आमी समद्यांनी ऐकलीया. मंग परत दवाखान्याच्या नादी लागले, सुया टोचून घेतल्या. तितं इस्वास डळमळला." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांना तसंच वाटत होतं, आणि त्यांना वेगळं कळायला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

बायका उठल्या. धुरपदा तेवढी मागं राहिली. पंचविशीची पोर, तिचा नवरा संपत लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनांवरचा मदतनीस मजूर. पावसाळ्यात त्यालाही टीबी निघाला होता, हे सोजरबाईंना ठाऊक होतं.

"मावशी, हे म्हणत्यात, इंजेक्शनं संपली की गोळ्या बंद करायच्या," धुरपदा हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या मालकानी केली ती चूक न्हाई करायची, पुन्हा दवाखान्याची पायरी न्हाई चढायची. तुमची साक्ष त्यास्नी पाठ हाय. तुमी येक डाव घरी येऊन प्रार्थना करा. तुमच्यावानी इस्वास मला बी पायजे."

"येईन," सोजरबाई कशाबशा म्हणाल्या.

त्या गेल्या नाहीत. भाऊ न्यायला आला होता, त्याच्याबरोबर एसटीनं चौफुला, न्हावरं करत त्या घोडनदीला गेल्या. माहेरी दोन महिने काढले. जात्यावर बसायच्या, सरपण आणायच्या. प्रार्थनेला मात्र मन लागत नव्हतं. ज्याचा अपराध केला तोच आणि ज्याच्यापुढं रडायचं तोही तोच. दुसरं दार नव्हतं, आणि त्या दारात जायला तोंड नव्हतं.

आई साळूबाई डोळ्यांनी अधू झाली होती, पण कान शाबूत. एका दुपारी शेंगा फोडता फोडता ती म्हणाली, "जावाई गोळ्या खात व्हता न्हवं?"

सोजरबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी सगळं सांगितलं. साक्षीतला तो जास्तीचा शब्द, पायरीवरचं खोटं, खाटेवरचं वचन, धुरपदा, संपत. आईनं मध्ये एकदाही अडवलं नाही.

"मेलेल्याला दिलेला शबुद मोडू का आये?"

"त्यो आता प्रभूपाशी हाय. तितं त्याला कोन हसतंय?" म्हातारी म्हणाली. "आन् हे माझ्यापाशी कशाला रडतीस? जितं बोललीस तितं जाऊन बोल. का ती पोरगी रांडाव व्हायची वाट बघतीस?"

शब्द फार लागला. सोजरबाई दोन दिवस आईशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दौंडला परतल्या.

आधी त्या पाळकसाहेबांकडं गेल्या. ऐकून पाळकसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात," ते म्हणाले. "मीही पुन्हा विचारलं नाही. मलाही ती साक्ष आवडली होती." मग म्हणाले, "रविवारी उभ्या राहणार असाल तर मी तुमच्या आधी काही बोलणार नाही. नंतरही सावरून घेणार नाही. चालेल?"

"चालंल."

नाताळाला तीन आठवडे होते. साक्षीची वेळ आली, सोजरबाई उभ्या राहिल्या तशी गिताबाईंनी शेजारणीला कोपरानं खुणावलं. बिचारीला धीर आला म्हणून त्यांना आनंद झाला असावा.

"जानेवारीत मी हितं उभी ऱ्हाऊन साक्ष दिली," सोजरबाई म्हणाल्या. "मालकाला औषधानं न्हाई, प्रभूनं बरं केलं म्हणाले. ते खोटं व्हतं. नव्वद इंजेक्शनं घेतली व्हती, गोळ्या चालू व्हत्या. माझ्या साक्षीपायी त्यांनी गोळ्या सोडल्या. मला ठावं व्हतं, मी बोलले न्हाई. साहेबांनी इचारलं तवा खोटं सांगितलं. त्यांचा इस्वास डळमळला न्हाई. त्यांच्याइतका इस्वास माझ्यात बी न्हवता. गोळ्या सोडल्या म्हणून ते गेले."

त्या बसल्या. कुणी "आमेन" म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं आणि पहिल्या कडव्याला तिघा-चौघांचेच आवाज आले.

बाहेर गिताबाई सलाम न करता पुढं गेल्या. दोघी-तिघी त्यांच्या मागं. एक जण ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "नवरा खाल्ला आन् वर चर्चात सांगतीया." सोजरबाईंनी ते ऐकून घेतलं. ते खोटं नव्हतं. बुधवारची प्रार्थना त्यांच्या खोलीत पुन्हा कधी भरली नाही. बायकांशी पूर्वीसारखं बोलणंही पुढं कधी जमलं नाही. आनंदरावांच्या जागी रेल्वेत नोकरी मागायच्या अर्जाचा कागद आणला तो म्हाळूनं, आणि तोही उंबऱ्यावरच ठेवून गेला.

साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी त्या संपतच्या दारात उभ्या होत्या. संपत भिंतीला टेकून बसला होता. त्यानं त्यांच्याकडं बघितलं नाही. कानावर सगळं आलंच होतं. धुरपदानं पाण्याचा पेला आणि गोळ्यांची पुडी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली.

"मावशी, मी रातच्यापासनं इचार करतोय," संपत म्हणाला. "माझ्या मनाला पटत न्हाई. आधी प्रार्थना करा. प्रभूनं मनात घातलं तर घेतो गोळी."

"आधी घे," सोजरबाई म्हणाल्या.

"पन..."

"संपत, माझ्याकडं बघ. माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघ. घे आधी."

त्यानं वर पाहिलं. मग गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायला आणि पालथ्या हातानं तोंड पुसलं. धुरपदा डोक्यावर पदर घेऊन खाली बसली. सोजरबाईही बसल्या, डोळे मिटले. काय बोलावं ते त्यांना सुचेना. मागणं मागायचा धीर होत नव्हता आणि आभार मानण्यासारखं काही हाती नव्हतं. धुरपदा थांबली होती. संपत थांबला होता. शेवटी लहानपणी मिशनच्या शाळेत घोकलेली, सगळ्यांना येते ती प्रार्थना त्यांनी सावकाश सुरू केली, आणि अपराधांच्या क्षमेपाशी आवाज बसला तेव्हा ते दोघं त्यांच्या वतीनं पुढं म्हणत राहिले.